समुद्राला खेटून राहावं की वाडीत? (देवबाग-तारकर्ली)

मृदुला_के

मंडळी, जानेवारीच्या शेवटी मालवणकडे जायचं घाटतंय. आम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा, माझी आई आणि सासूबाई. दोघींचे गुडघे कुरकुरतात, सासूबाईंचे जरा जास्त. पुण्याहून आमच्याच गाडीने जाऊ.

प्रश्न असा आहे. ओळखीतला एक गट सांगतो, देवबागला अगदी पुळणीवरचं छोटं हॉटेल घे, चार-सहा खोल्यांचं, दार उघडलं की समुद्र. दुसरा गट म्हणतो, आत वाडीत घरगुती राहा, समुद्र काय कुठे पळून जातोय? माझा कल उघडच पहिल्या गटाकडे आहे. वर्षभर ऑफिसच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी बघते. तीन-चार दिवस पडवीत पाय पसरून लाटा बघायला मिळाव्यात, एवढंच मागणं. खोलीला चार हजारांपर्यंत चालेल. मोठं रिसॉर्ट नको, पोहण्याचा तलाव तर अजिबात नको. समुद्राच्या शेजारी तलाव बांधणाऱ्यांचं डोकं मला कळत नाही.

ज्यांनी दोन्ही प्रकार अनुभवलेत त्यांनी लिहा. हॉटेलांची नावं व्यनित (व्यक्तिगत निरोपात) द्या, इथे जाहिरात नको.

सुकट_बोंबील

रुमाल टाकून ठेवतो. दरवर्षी हा धागा निघतो, दरवर्षी मी वाचतो आणि दरवर्षी सुट्टी सासुरवाडीला, सोलापूरला जाते.

पराग_वाशी

पुळणीवरच्या खोलीचे फायदे सगळ्यांना ठाऊक असतात, म्हणून तोटेच लिहितो.

खारा वारा. दुपारपासून जो सुटतो तो संध्याकाळपर्यंत. चष्म्याच्या काचेवर खार बसतो, टॉवेल कधीच पूर्ण वाळत नाही, दाराच्या कडीला हात लावला तर बोटांना गंज लागतो. एसी असेल तर तो चालतो का हे पैसे भरायच्या आधी विचारा. समुद्रासमोर त्याचं बाहेरचं युनिट दोन-तीन वर्षांत खाऊन जातं आणि मालक "आजच बिघडला हो" म्हणतो. पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ, साबणाला फेस येत नाही. पहिल्या रात्री लाटांचा आवाज फार रम्य वाटतो, दुसऱ्या रात्री हलकी झोप असलेली माणसं कापूस शोधतात.

वाडीत यातलं जवळजवळ काही नाही. माडा-पोफळीची सावली, विहिरीचं गोडं पाणी, आणि पाच-सात मिनिटं चाललं की समुद्र. माझं मत वाडीला.

वहाणा_हातात

परागभाऊ, एवढं सगळं नको असेल तर वाशीतच राहावं की. खाडी आहे, वारा आहे, कापूस मेडिकलमध्ये मिळतो. (दिवे घ्या, गंमत आहे)

मृदुला, बिनधास्त पुळणीवर राहा. सकाळी सहाला डोळे चोळत बाहेर यायचं, चहाचा कप हातात, आणि समोर कोणी नाही. ही चैन वाडीतून पाच मिनिटं चालत येऊन मिळत नाही, कारण ती पाच मिनिटं माणूस चालत नाही. "नंतर जाऊ" म्हणत नाश्ता होतो, मग ऊन चढतं. वाडीत राहिलेली माणसं दिवसातून एकदा, सूर्यास्ताला, फोटोपुरता समुद्र बघतात. मी पाहिलंय.

पराग_वाशी

वाशीची खाडी काढलीत तिथेच कळलं की मुद्दा संपला.

निनाद_दापोली

देवबागच का? दापोलीकडे या की. कर्दे, मुरुड, आंजर्ले, केळशी. पुण्याहून ताम्हिणीने उतरलात तर निम्म्या वेळात पोचाल. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघता येतात. मादी अंडी घालून गेल्यावर साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, त्यामुळे जानेवारीत मात्र नशीब लागेल. आठ वर्षांच्या मुलाला यापेक्षा भारी काय दाखवणार? आणि तिथे हॉटेलं नाहीतच, गावातल्या घरांमध्येच राहायचं, पंगतीत जेवायचं.

मृदुला_के

निनाद, वेळास कधीपासून यादीत आहे, पण या वेळी सिंधुदुर्ग नक्की. आईला किल्ला बघायचाय. लहानपणी शाळेच्या सहलीत आजारी पडल्यामुळे तिचा तो राहिला, ते ती अजून ऐकवते.

सुकट_बोंबील

निनाद प्रत्येक धाग्यावर दापोलीला नेतो. मागे कोणी अमेरिकेच्या व्हिसाबद्दल विचारलं होतं तिथेही हा आंजर्ल्याला पोचला होता.

निनाद_दापोली

कड्यावरच्या गणपतीला नवस बोला म्हटलं होतं. व्हिसा मिळाला त्यांना.

माडाखालचा

नमस्कार. माझं स्वतःचं वेंगुर्ल्याच्या बाजूला चार खोल्यांचं घर आहे, पाहुणे ठेवतो. आधीच सांगतो, माझ्याकडे जानेवारी भरलाय, तेव्हा ही जाहिरात नव्हे.

"अगदी पुळणीवर" म्हणून जे सांगतात त्यातलं बरंचसं अगदी पुळणीवर नसतं, आणि असलं तर कायद्यात बसतं का हा वेगळा विषय. किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारा सीआरझेडचा नियम १९९१ पासून आहे, नंतर २०११ ला आणि २०१९ ला नव्या अधिसूचना आल्या. आमच्यासारख्या गावात भरतीच्या रेषेपासून २०० मीटर नवं बांधकाम करायचं नाही, दाट वस्तीचं गाव असेल तर २०१९ च्या अधिसूचनेत ही हद्द ५० मीटर. म्हणून जुनी घरं सोडली तर किनाऱ्याकडेला तंबू, बांबूच्या झोपड्या असलं काहीतरी दिसतं. आमचे पूर्वजही समुद्राला तोंड करून घर बांधीत नव्हते. आधी पुळण, मग सुरूची नाहीतर केवड्याची ओळ, मग माड, त्याच्या मागे घर. वारा अडला पाहिजे, पावसात छप्पर राहिलं पाहिजे. समुद्राकडे उघडी पडवी ही पाहुण्यांची मागणी, आमची नव्हे.

गंमत म्हणजे पाहुणे समुद्र बघूक येतत, मगे वारो लागता म्हणान खिडकी लावून टीव्ही बघतत. दोष देत नाही, वारा खरंच लागतो.

एसीबद्दल परागभाऊ म्हणतात ते खरं आहे. मी एसी लावलेलाच नाही, पंखे आणि जांभ्याच्या भिंती. जानेवारीत रात्री चादर लागते.

रश्मी_एन

जरा वेगळा अनुभव सांगते. गेल्या वर्षी अंदमानला स्वराज द्वीपवर, म्हणजे आपल्या जुन्या हॅवलॉकवर, असंच "दार उघडलं की समुद्र" वालं छोटं हॉटेल घेतलं होतं. लाकडी झोपडी, समोर दोन नारळांमध्ये झोपाळा, त्याच्यापुढे निळं पाणी. फोटो बघून वेड लागलं होतं. पोचलो तेव्हा भरती होती, फोटोतल्यासारखंच सगळं. दुसऱ्या दिवशी ओहोटीला बाहेर आलो तर पाणी पार लांब गेलेलं आणि मध्ये नुसते खडक नि मेलेलं प्रवाळ. चप्पल घालूनही चालवेना, पोहणं तर सोडाच. तिथली बहुतेक हॉटेलं बेटाच्या पूर्वेला आहेत, म्हणजे समोर सूर्योदय. सूर्यास्त आणि पोहण्यासारखी वाळू पश्चिमेला राधानगरला, तिथे गाडी करून जावं लागतं. आणि सूर्यास्त संध्याकाळी सव्वापाचला! घड्याळ आपलंच, बेट मात्र कलकत्त्याच्याही पूर्वेला. पहिल्या दिवशी आम्ही चहा पिऊन निघेपर्यंत अंधार.

सांगायचा मुद्दा, समोर समुद्र असणं आणि त्यात उतरता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींची चौकशी वेगवेगळी करावी लागते. देवबागचं ओहोटीला काय होतं?

वहाणा_हातात

देवबाग-तारकर्लीला वाळू आहे, खडक नाहीत. आणि आपल्याकडे दक्षिणेला जावं तसा भरती-ओहोटीतला फरक कमी होतो. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात तसं मालवणात होत नाही, सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीच लागते. त्यामुळे "समुद्र गेला कुठे" असं व्हायचं नाही. पण तारकर्लीची पुळण काही ठिकाणी उतरती आहे, गुडघाभर पाण्यातून दोन पावलांत कमरेपर्यंत जाता. मुलावर लक्ष ठेवा.

आशा_परांजपे_नव्हे

भरतीची वेळ काढायची जुनी रीत कुणाला आठवते का? आमचे मामा मुरुड-जंजिऱ्याकडचे, ते कालनिर्णय बघून तोंडी सांगायचे. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ त्रिक चोवीस भागिले चार, सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. बारा-साडेबारा तासांनी पुन्हा. सहा तासांनी ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण अंघोळीला कधी जायचं एवढं कळायला पुरतं.

मृदुला, तुझ्या दोघी आयांसाठी हे कामाचं आहे. गुडघेदुखीवाल्याला कोरड्या भुसभुशीत वाळूत चालणं म्हणजे शिक्षा. पाय रुततो, घोटा वळतो. ओहोटीला जी ओली वाळू उघडी पडते ती घट्ट असते, तिच्यावर माणूस आरामात चालतो. सकाळी किंवा संध्याकाळी ओहोटी असेल असे दिवस निवड. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलीस तर पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास पाणी आत असेल.

पराग_वाशी

आशाताई, हे सूत्र लिहून ठेवलं. आत्ता मुंबईच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं, अर्ध्या तासाच्या आत बसतंय. ॲप काढून टाकावं का काय!

सुकट_बोंबील

"पाणी आत असेल" म्हणजे खोलीच्या आत का?

आशा_परांजपे_नव्हे

तुझ्या डोक्याच्या आत. समुद्राच्या आत गेलेलं असेल, मेल्या.

किल्लेदार८४

आधी देवबागचा भूगोल समजून घ्या, मग हॉटेल ठरवा. गाव म्हणजे एक लांबट पट्टी, पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी, आणि दक्षिणेच्या टोकाला दोन्हींचा संगम. मधला रस्ता एकच आणि अरुंद. समुद्राच्या अंगाला गेली कित्येक वर्षं धूप होतेय, म्हणून बऱ्याच ठिकाणी मोठमोठ्या दगडांचा बंधारा घातलाय. म्हणजे हॉटेल समुद्राला लागून असतं, समुद्र समोर दिसतोही, पण उतरायचं तर दगडांवरून. ज्येष्ठांना ते जमणार नाही. फोन करून थेट विचारा: समोर बंधारा आहे की वाळू? पायऱ्या किती?

खाडीच्या अंगाची घरं मला स्वतःला जास्त आवडतात. पाणी शांत, समोर खारफुटी, सकाळी होड्या जाताना दिसतात, वारा निम्मा. सूर्योदय तिकडे. सूर्यास्ताला रस्ता ओलांडला की समुद्र.

संगमावर आणि त्या त्सुनामी आयलंड म्हणतात त्या वाळूच्या बेटावर फिरायला जाल, पण तिथे पोहायचं नाही. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्या तोंडातून बाहेर पडतं, ओढ जबरदस्त असते. वर शांत दिसतं म्हणून लोक उतरतात. स्थानिक नको म्हणाला तर वाद घालू नका.

माडाखालचा

किल्लेदारांनी लाख बोललात. त्या शेवटच्या ओळीसाठी तुमका एक शहाळा.

संध्या_मिरज

आम्ही पुळणीवर राहिलो होतो, नाव घेत नाही. जागा अप्रतिम, माणसं गोड. पण शेजारच्या तंबूंमध्ये मुलांचा एक घोळका आला, ब्लूटूथचा एवढा मोठा स्पीकर घेऊन. रात्री दीडपर्यंत एकच गाणं. लाटांचा आवाज ऐकायला पैसे भरलेले, आणि ऐकलं काय तर ढिंच्याक ढिंच्याक. मालक बिचारा दोनदा सांगून आला. किनारा सगळ्यांचा, तो तरी काय करणार? म्हणून माझा सल्ला, शनिवार-रविवार आणि २६ जानेवारीची जोडसुट्टी टाळा. सोमवार ते गुरुवार तोच किनारा वेगळा असतो.

मृदुला_के

अरे बापरे, २६ लाच निघणार होतो. बदलते.

वहाणा_हातात

आता मासे. अजून कोणी मासे कसे काढले नाहीत? हा मालवणचा धागा आहे ना?

पराग_वाशी

काढतो. घरगुती म्हणायचं आणि थाळीचे दर मुंबईच्या हॉटेलचे, हे हल्ली फार झालंय. मागच्या खेपेला सुरमईची थाळी सांगितली, तुकडा आला नखाएवढा, दर ऐकून घास घशात अडकला. विचारलं तर "दादा, आज मासळी महाग होती." रोजच महाग असते.

माडाखालचा

पराग, तुमच्यासोबत काय झालं ते मी सांगू शकत नाही, पण दुसरी बाजू लिहितो. आमचा धंदा दिवाळी ते मे. त्यातही दिवाळी, नाताळ, मे सोडला तर अधूनमधून. जूनला पाऊस लागला की समुद्र खवळतो, होड्या वर ओढतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंदच असते, किल्ल्याची होडी बंद, पाण्यातले खेळ बंद. त्या चार महिन्यांत घर मात्र खर्च मागतं. कौलं शाकारायची, दारं-खिडक्यांना रंग, गंजलेल्या बिजागऱ्या बदलायच्या. आणि सुरमई-पापलेट आम्हीपण लिलावातनंच घेतो, मुंबई-गोव्याचे व्यापारी असतात त्याच भावाने.

एक करा. सुरमई, पापलेट सोडा. "आज काय ताजं आलंय" विचारा आणि ते खा. बांगडा, तारली, पेडवे, सौंदाळे, मुडदुशे. तिरफळ घातलेला बांगडा खाल्लात तर सुरमईची आठवण येणार नाही, खिशालाही आणि जिभेलाही. घरातली माणसं तेच खातात.

सुकट_बोंबील

मुडदुशे!!! डोळे पाणावले. ही मासळी सोलापुरात कोणाला सांगितली तर शिवी समजतात.

किल्लेदार८४

अनुमोदन. आणि शक्य असेल तर सकाळी रापण बघा. तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात अजून ओढतात. होडीतून जाळं अर्धगोलात टाकून आणतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. मग दोन रांगा, म्हातारे, बायका, पोरं सगळी, दोर ओढत ओढत रांगा एकमेकींकडे सरकत येतात. शेवटची दहा मिनिटं आरडाओरडा, कारण जाळ्याची झोळी उथळ पाण्यात आली की मासळी उसळ्या मारते आणि वरून घारी. आमच्या पोराने दोर धरला होता. तळहात लाल झाले, पण वाटणी करताना रापणीच्या म्हाताऱ्याने त्याच्या हातात दोन बांगडे ठेवले, "हो तुजो वाटो". दुपारी राहत्या घरच्या काकूंनी तेच तळून त्याच्या पानात वेगळे वाढले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही पठ्ठ्याने.

रश्मी_एन

हे वाचून अंदमानचे पैसे परत मागावेसे वाटतायत.

संध्या_मिरज

अवांतर: राहायचं पुळणीवर का वाडीत हे बाजूला ठेवा, आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख मात्र आधी बघा. भराडी देवीची जत्रा ठरलेल्या तिथीला नसते, देवीचा कौल घेऊन तारीख जाहीर करतात, साधारण फेब्रुवारीच्या आगेमागे. त्या दोन-तीन दिवसांत मालवण, कणकवली, कुडाळ कुठेही खोली मिळत नाही आणि कोकण रेल्वेत उभं राहायला जागा नसते.

निनाद_दापोली

जत्रांचा विषय निघालाच आहे तर, जानेवारीत गावोगावच्या जत्रांत दशावतार असतो. रात्री उशिरा सुरू, पहाटेपर्यंत. मालकाला विचारून ठेवा, जवळपास कुठे असेल तर तोच सांगेल. मोठ्या हॉटेलच्या स्वागतकक्षाला हे माहीत नसतं. (बघा, दापोलीचं नाव काढलं नाही.)

सुकट_बोंबील

काढलंस.

संध्या_मिरज

निनाद, २०२० च्या निसर्ग वादळानंतर तुमच्याकडच्या वाड्या सावरल्या का? आम्ही दिवेआगरला त्याच वर्षी दिवाळीनंतर गेलो होतो, पोफळी काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडलेल्या. ज्यांच्याकडे दरवर्षी उतरायचो त्या वहिनी पाहुण्यांना वाडी दाखवायला न्यायच्या, त्यांनी तेव्हा मागचं दारच उघडलं नाही.

निनाद_दापोली

३ जूनला श्रीवर्धन-दिवेआगरला सर्वांत जास्त बसलं, आमच्याकडे हर्णै-आंजर्ले-केळशीलाही कमी नाही. माड काही उरले, पोफळी गेल्या. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, त्यामुळे ज्यांनी लगेच लावल्या त्यांच्या आत्ता कुठे धरायला लागल्यात. मधल्या काळात बऱ्याच घरांना पाहुण्यांच्या खोल्यांनीच हात दिला. वाडीचं उत्पन्न शून्य, आणि खोल्यांची छपरंही त्याच वादळात उडालेली, म्हणजे कर्ज काढून आधी पत्रे. त्यामुळे कोणी दर थोडा जास्त सांगितला तर मी घासाघीस करत नाही. ज्याचं त्याचं मत.

पराग_वाशी

ठीक आहे, नखाएवढ्या तुकड्याचं दुःख मागे घेतो. अर्धं.

आशा_परांजपे_नव्हे

सगळे भरकटलात. मृदुलाला एक साधं विचारते. तुझ्या आईला आणि सासूबाईंना काय हवंय, विचारलंस का? पडवीत पाय पसरून लाटा बघायच्यात त्या तुला. बरं, दोघींना कमोड लागत असेल, रात्री उठावं लागत असेल. पुळणीवरच्या झोपड्यांत संडास कधी कधी दोन पायऱ्या उतरून मागे असतो. वाळूतून, काळोखात. ते आधी बघ, लाटा नंतर.

मृदुला_के

आशाताई, तुम्ही विचारल्यावर काल जेवताना विषय काढला. निकाल असा: आईला किल्ला, बाकी काही नाही. किल्ल्यात जायला होडीतून उतरताना कोणीतरी हात धरला की झालं म्हणते. सासूबाई म्हणाल्या, "समुद्र मी रत्नागिरीत बावीस वर्षं बघितलाय, मला कुणकेश्वराला ने आणि जेवायला वरणभात मिळेल असं बघ." त्या मासे खात नाहीत हे मी इथे लिहिलंच नव्हतं. आणि दोघींना एकाच खोलीत ठेवू नको असं दोघींनी वेगवेगळं येऊन सांगितलं.

वहाणा_हातात

हाहाहा. तीन खोल्या मग!

माडाखालचा

वरणभाताची काळजी करू नका. कोकणात मासे खाणारी घरं आहेत तशी सोवळीही आहेत. फक्त एक रात्र आधी सांगायचं, म्हणजे वेगळी कढई काढतात. घावणे-चटणी, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी, डाळीची आमटी, तुपाची धार. मिळालीच तर कुळथाची पिठी. सोमवारी-गुरुवारी तर आमच्याकडे निम्मं गाव शाकाहारी असतं.

कुणकेश्वर देवगडच्या बाजूला आहे, देवबागपासून जाऊन-येऊन अर्धा दिवस जाईल. देऊळ थेट किनाऱ्यावर. तुमच्या सासूबाईंना आवडो न आवडो, समुद्र तिथे दिसणारच.

किल्लेदार८४

पुण्याहून येताय तर कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, मालवण असा रस्ता धरा. घाट दिवसाउजेडी उतरा, मोऱ्या अरुंद आहेत. परतताना आंबोलीनेही जाता येईल.

किल्ल्याला सकाळी लवकर जा, मालवणच्या जेट्टीवरून होड्या सुटतात. आत चालणं बरंच आहे आणि ऊन लागतं. आईंना शिवराजेश्वराच्या देवळापर्यंत नेऊन बसवा. छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेलं आहे, आत शिवाजी महाराजांची मूर्ती आहे. तटावर तुम्ही आणि मुलगा फिरून या.

मृदुला_के

ठरलं! पराग आणि वहाणा, दोघांनाही अर्धे अर्धे गुण. देवबागला रस्त्याच्या आतल्या अंगाला एक घर मिळालंय, खाडी मागच्या अंगणातून दिसते, समुद्र रस्ता ओलांडून. तीन खोल्या. मी आशाताई आणि किल्लेदारांचे प्रश्न कागदावर लिहून फोन केला. बंधारा? "समोर आसा, पण पन्नास पावलांवर उतार केलेलो आसा, होड्ये ओढूक." पाणी? "न्हावचा मचूळ, पिवचा गोडा." कमोड? "तिन्ही खोलयेत." पायऱ्या? काकू क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "तीन आसत. पण बाजूक उतरण आसा, म्हशीसाठी केललो. म्हस आता नाय." सासूबाईंना अजून हे सांगितलेलं नाही.

माझी पडवी खाडीकडे आहे. लाटा नाहीत. बघू.

सुकट_बोंबील

म्हशीच्या उताराचा फोटो टाका प्लीज.

रश्मी_एन

मृदुला, त्यांचा नंबर व्यनि करशील? मार्चमध्ये जागा असेल का? आम्ही चौघं, पोहणारे. आणि तिथली पुळण उतरती आहे म्हणालात ती नक्की कुठल्या बाजूला, तारकर्लीच्या एमटीडीसीच्या समोर की पुढे देवबागकडे?

वहाणा_हातात

रश्मी, दरवर्षी बदलते ती. पावसाळा वाळू नेतो, कुठे आणून टाकतो. पोचल्यावर पहिल्या दिवशी घरमालकाला नाहीतर जाळी विणत बसलेल्या कुणाला विचारा आणि तो दाखवेल तिथेच उतरा. मार्चअखेर वारे बदलायला लागतात, त्यामुळे जमलं तर पहिल्या पंधरवड्यात जा, पाणी नितळ असतं.

निनाद_दापोली

मार्चमध्ये वेळास...

सुकट_बोंबील

आला!